ब्रह्मपुरीची खापरे

कोल्हापूरचे प्राचीनत्व म्हटले की टाउन हॉल संग्रहालयातील पोसायडनची कांस्यमूर्ती आठवते. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीची ती कीर्ती. परंतु तेथील वस्तीचा कालक्रम आपल्याला कळतो तो मुख्यतः खापरांवरून. मूर्ती दूरदेशीहून येते, पिढ्यान्‌पिढ्या जपली जाते; मडके लवकर फुटते आणि बहुधा तिथेच टाकले जाते. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकळिया व मो. गं. दीक्षित यांनी येथे उत्खनन केले. अशा कामात थरवार वेगळ्या ठेवलेल्या खापरांचे माती, भाजणी, लेप पाहून गट पाडतात. त्यांत काठाचा तुकडा विशेष बोलका. त्याच्या वळणावरून तोंडाचा व्यास निघतो. सातवाहन नाण्यांच्या थरातील खापरे अशी बहामनी काळातील खापरांपासून वेगळी काढता आली.