वणी, वाणी आणि वाहनातले यंत्र

वाहनाच्या काचेवर चिकटवायच्या जीपीएस उपकरणांची तुलना करताना पडद्याचा आकार, बॅटरी, किंमत आणि संकेत पकडण्याचा वेग यांचा विचार होतो. ग्राहकासाठी या कसोट्या ठीकच आहेत. भाषेच्या अभ्यासकाने मात्र आणखी एक कसोटी लावून पाहावी, असे आम्हांस वाटते. हे यंत्र गावाला कोणत्या नावाने हाक मारते? उपग्रह गाव ओळखत नाही. त्याच्या संकेतावरून केवळ अक्षांश-रेखांश काढता येतात. नाव येते ते नकाशातून, आणि नकाशा ही कोणीतरी, कोणत्यातरी लिपीत सिद्ध केलेली संहिता असते. दोन उपकरणांतील खरा फरक हा बहुधा दोन संहितांमधला फरक असतो. यवतमाळ जिल्हा या दृष्टीने फार बोलका आहे.

मुळात या शहराचे नावच अनेक लेखण्यांखालून गेलेले आहे. 'ऐन-ए-अकबरी'त ते 'योत-लोहारा' असे येते. 'योत' हा 'येवता' या मूळ ग्रामनामाचा अपभ्रंश, लोहारा हे शेजारचे गाव आणि शेवटचा 'माळ' म्हणजे 'महाल', अर्थात परगणा, असा उलगडा इंग्रजी गॅझेटियरने केला आहे. म्हणजे ज्या 'माळा'वर आपण आज उघडे रान कल्पितो, तो महसुली शब्द ठरतो! इंग्रजांनी त्याचे 'येओटमाल' केले. जिल्ह्याचे नाव तर १९०५ पर्यंत वेगळेच होते. वणी या गावावरून पडलेले ते नाव इंग्रजी कागदोपत्री 'डब्ल्यू-यू-एन' अशा तीन अक्षरांत लिहिले जाई. त्यातून 'वणी' हा उच्चार कोणत्या इंग्रजी वाचकाने काढला असेल, हे सांगणे कठीण आहे.

नावाविना स्थान निश्चित करण्याचा उद्योगही या परिसराला नवा नाही. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने सुरू केलेले त्रिकोणमितीय सर्वेक्षण ७८ पूर्व रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकत गेले. यवतमाळ शहर याच रेखांशाजवळ वसलेले आहे. लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी शेजारच्या हिंगणघाट येथे मरण पावला. त्याचे थडगे तेथेच आहे. कोन आणि अंतर यांच्या आधारे पृथ्वीवरील बिंदू पक्का करणे, ही त्याची दृष्टी. उपग्रहही अंतरांवरूनच बिंदू काढतो. मात्र बिंदूला नाव देण्याची वेळ आली की लिपीचा प्रश्न उभा राहिला. पुढे रूढ झालेल्या हंटर यांच्या रोमन लेखनपद्धतीत न-ण, ल-ळ हे भेद व्यवहारात उरलेच नाहीत. मराठीच्या कानाला जे भेद अर्थभेद वाटतात, ते सरकारी नकाशावर पुसले गेले.

वाहनातील यंत्राची कथा याच वारशावर उभी आहे. १९८५ साली अमेरिकेत 'एटॅक' नावाचे उपकरण निघाले. त्यात उपग्रह नव्हता. चाकांची गती आणि होकायंत्र यांवरून ते गाडीची जागा ताडत असे, आणि नकाशा कॅसेटवर भरलेला असे. नावही मोठे अर्थपूर्ण निवडले होते. प्रशांत महासागरातील नावाड्यांच्या ज्या पद्धतीत होडी स्थिर मानून बेटे मागे सरकत आहेत अशी कल्पना करतात, तिला 'एटॅक' म्हणतात. पडद्यावर गाडीचे चिन्ह मध्यभागी स्थिर आणि जग सरकते, ही आज सर्वांच्या अंगवळणी पडलेली रचना तेथूनची. कथनमीमांसेच्या विद्यार्थ्याने या स्थिर निवेदकाचा विचार जरूर करावा.

मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली, तेव्हा सुमारे १०० मीटरची अनिश्चितता १०-२० मीटरवर आली. त्यानंतर गार्मिन आणि टॉमटॉम या कंपन्यांच्या सुट्या पेट्या जगभर खपल्या. भारतात मॅपमायइंडिया आणि हैदराबादची सॅटगाइड यांनी देशी नकाशे भरलेली उपकरणे आणली. स्थान काढण्यात या साऱ्यांत फारसे डावे-उजवे नव्हते. फरक होता तो नकाशाच्या दाटीत आणि ताजेपणात. महानगरांतील गल्लीबोळ आधी भरले गेले. तालुक्याच्या आतल्या वाटा मागाहून.

आणि शोधायचे ते रोमन अक्षरांत. 'यवत' एवढीच अक्षरे लिहिली तर दौंड तालुक्यातील यवतही उत्तर म्हणून योग्यच आहे. चिंतामणीचे कळंब या जिल्ह्यात आहे, तसे धाराशिव जिल्ह्यातही एक कळंब आहे. रोमन लिपीत दोन्हींचा 'ळ' सारखाच हरवतो. वणीचे 'वाणी' होते ते वेगळेच. केळापूर हे तालुक्याचे नाव, पण त्याचे मुख्यालय पांढरकवडा. लोकांच्या तोंडी दुसरेच नाव असते. त्याच पांढरकवड्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग पूर्वी ७ क्रमांकाचा होता. २०१० च्या फेररचनेत तो ४४ झाला. जुना नकाशा भरलेली पेटी 'सात' म्हणत राहते आणि रस्त्यावरची पाटी 'चव्वेचाळीस'. जागा अचूक, संहिता कालबाह्य.

याउलट मराठीत स्थळ सांगण्याची एक प्राचीन रीत आहे. महानुभावांची 'स्थानपोथी' चक्रधरस्वामींच्या वास्तव्याची ठिकाणे नोंदवते, ती दिशांच्या, देवळांच्या आणि त्यांच्या तोंडांच्या आधाराने. एक खूण दुसऱ्या खुणेला बांधलेली असते. आजही दारव्हा-दिग्रसकडे वाट विचारली तर उत्तर मीटरमध्ये येत नाही. अमुक फाट्यावरून आत, मग पूल, मग शाळा, असे येते. 'फाटा' हा शब्द मुळात झाडाचा, फांदीचा. रस्त्याला त्याने झाड केले. गूगलने २००९ मध्ये भारतासाठी दिशादर्शनात खुणांचा समावेश केला, तेव्हा नकळत याच रीतीकडे त्याला वळावे लागले.

२०२१ च्या जानेवारीत त्याच गूगलने ठिकाणांची नावे मराठीसह दहा भारतीय भाषांच्या लिप्यांत दाखवण्याची घोषणा केली. स्वागतार्ह गोष्ट, यात शंका नाही. मात्र पद्धत पाहावी: रोमन लिपीतील नाव घेऊन यंत्राने त्याचे लिप्यंतर करायचे. म्हणजे मराठी नाव आधी रोमनमध्ये गेले, तेथे 'ळ' आणि 'ण' टाकून आले, आणि आता यंत्र अंदाजाने ते परत मिळवू पाहते. अनुवादाच्या अनुवादावरून मूळ पाठ सिद्ध करण्याचा हा प्रकार पाठचिकित्सेच्या कोणत्याही विद्यार्थ्याला अस्वस्थ करील. विशेषतः मूळ पाठ हरवलेला नसताना. यवतमाळच्या महसुली दप्तरात, सातबाऱ्याच्या उताऱ्यावर, प्रत्येक गावाचे नाव देवनागरीतच लिहिलेले आहे.