चुऱ्यातली सोनामुखी

सोनामुखी हे नाव आपल्याला नवे नाही. पोट साफ होत नसले, की काष्ठौषधींच्या दुकानातून सोनामुखीची पाने आणायची आणि रात्री त्यांचा काढा घ्यायचा, हा उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आयुर्वेदाच्या औषधकोशात हिलाच स्वर्णपत्री म्हटले आहे आणि हकीम हिला सना म्हणतात. अरब वैद्यांनी नावारूपाला आणलेले हे पान मध्ययुगातच युरोपात पोहोचले.

पण पुडीत बांधून मिळालेला हिरवट-पिवळा चुरा सोनामुखीचाच आहे, हे ओळखायचे कसे? प्रश्न साधा वाटतो. त्याचे समाधानकारक उत्तर मिळायला मात्र जवळजवळ शंभर वर्षे लागली.

एकोणिसाव्या शतकात युरोपच्या बाजारात मुख्यतः दोन प्रकारची सोनामुखी येत असे. एक सुदानकडची. ती नाईल नदीच्या वाटेने अलेक्झांड्रियाला यायची, म्हणून तिचे नाव अलेक्झांड्रियाची सोनामुखी. दुसरी आपल्या तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीची, तुतिकोरीन बंदरातून जाणारी. शिवाय अरबस्तानातली रानटी सोनामुखी मुंबईमार्गे पुढे जाई. व्यापारी तिला ‘बॉम्बे सेन्ना’ म्हणत. वनस्पतिशास्त्रज्ञांनी सुदानच्या झाडाला कॅसिया ॲक्युटिफोलिया आणि अरबस्तान व तिरुनेलवेलीच्या झाडाला कॅसिया अँगुस्टिफोलिया अशी वेगळी नावे दिली होती.

जिथे व्यापार तिथे भेसळ. अलेक्झांड्रियाच्या मालात आर्गेल नावाच्या झुडपाची पाने सर्रास मिसळलेली असत. कोरिआरिया या दक्षिण युरोपातल्या झुडपाची पाने मिसळणे तर जिवावरच बेतणारे, कारण त्यांच्यात झटके आणणारे विष असते. आपल्या माळरानावर पिवळ्या फुलांनी डवरणारा तरवड हा सोनामुखीचा भाऊबंदच. त्याचीही पाने भारतीय मालात सापडू लागली. पान अख्खे असेल तर जाणकाराला आकारावरून, शिरांवरून फरक कळतो. कुटून चुरा केला, की आकार गेला, शिरा गेल्या आणि जाणकारही हतबल झाला.

इथे सूक्ष्मदर्शक कामाला आला. १८४७ मध्ये जर्मनीतील श्लायडेन यांनी सार्सापरिला या औषधी मुळीचे निरनिराळे प्रकार आतील पेशींच्या आकारावरून ओळखता येतात, असे दाखवून दिले. लंडनमध्ये आर्थर हिल हॅसल या डॉक्टरांनी १८५१ ते १८५४ या काळात ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून कॉफी, चहा, मसाले यांतील भेसळ सूक्ष्मदर्शकाखाली उघडी पाडली. त्यांच्या कामामुळे उठलेल्या गदारोळातून इंग्लंडमध्ये १८६० साली भेसळविरोधी कायदा झाला. पान कितीही बारीक कुटले तरी त्याच्या पेशी ओळखण्याजोग्या उरतात, हा या सगळ्याचा धडा होता.

सोनामुखीचा चुरा क्लोरल हायड्रेटच्या द्रावणात उकळला की पारदर्शक होतो. मग दिसते, की या पानाच्या दोन्ही बाजूंना लांबट पेशींचा खांबांसारखा थर आहे. बहुतेक पानांत तो फक्त वरच्या बाजूला असतो. सोनामुखीची लव एकपेशी आणि खरखरीत असते, तर आर्गेलची दोन-तीन पेशींची. तरवडाची लव लांब असते आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लात त्याचा चुरा किरमिजी होतो. परके असे पकडले गेले.

खरी अडचण होती ती सख्ख्या बहिणींची. सुदानची आणि तिरुनेलवेलीची सोनामुखी आतूनही जवळजवळ सारखीच. मग वेगळे मोजायचे काय? पानाच्या त्वचेवर श्वासोच्छ्वासाची बारीक छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये ती किती, हे मोजून पाहिले तर आकडा भरवशाचा निघेना. एकाच झाडाचे उन्हातले पान आणि सावलीतले पान निरनिराळा आकडा देई. सावलीत पान पसरते, पेशी मोठ्या होतात आणि रंध्रे एकमेकांपासून दूर जातात.

हे कोडे औषधांशी संबंध नसलेल्या माणसाने सोडवले. लंडनचे ई. जे. सॅलिसबरी हे इंग्लंडच्या रानातील झाडांचा अभ्यास करत होते. पुढे ते क्यूच्या प्रसिद्ध उद्यानाचे संचालक झाले. १९२७ साली त्यांनी सुचवले, की क्षेत्रफळ सोडा, प्रमाण पाहा. त्वचेच्या पेशी आणि रंध्रे मिळून शंभर धरली, तर त्यात रंध्रे किती? एखाद्या तालुक्यात चौरस मैलामागे शिक्षक किती हे वस्तीच्या दाटीवर अवलंबून राहील. दर शंभर माणसांमागे किती, हा आकडा दाटीने बदलत नाही. तसेच हे. पान ताणले गेले तरी हे प्रमाण फारसे हलत नाही. यालाच रंध्र निर्देशांक म्हणतात.

१९४०च्या दशकात जे. एम. रोसन यांनी ही मोजणी औषधी पानांवर केली. सोनामुखीच्या दोन बहिणी त्यात स्पष्ट वेगळ्या झाल्या. अलेक्झांड्रियाच्या पानाचा निर्देशांक साधारण ११ ते १३, तर तिरुनेलवेलीच्या पानाचा १७ ते २०. दोन्हींच्या मर्यादा एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत. चिमूटभर चुऱ्यावरून माल कुठला, हे सांगता येऊ लागले.

गोष्टीला पुढे एक वळण मिळाले. या दोन झाडांतील फरक स्वतंत्र जाती मानण्याइतके मोठे नाहीत, असे वनस्पतिशास्त्रज्ञांचे मत होत गेले. आज क्यूच्या सूचीत दोन्ही झाडे सेन्ना अलेक्झांड्रिना या एकाच जातीत आहेत. हे नाव फिलिप मिलर यांनी १७६८ सालीच देऊन ठेवलेले. म्हणजे ज्यांना वेगळे करण्यासाठी एवढा खटाटोप झाला, त्या बहिणी नव्हत्याच, एकच होत्या!

मग मोजणी फुकट गेली का? मुळीच नाही. मोजणीने सांगितलेला फरक खराच आहे. तो जातीचा म्हणायचा की एकाच जातीतल्या दोन वाणांचा, हे मोजणी ठरवत नाही. ते फुले, शेंगा, बिया, सगळे झाड पाहून माणसांनी ठरवायचे असते आणि ते मत बदलू शकते. औषध देणाऱ्याचा प्रश्न मात्र वेगळाच असतो. माझ्या हातातल्या पुडीत लिहिले आहे तेच पान आहे का, एवढेच त्याला हवे असते.

औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी आजही सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून रंध्रे आणि पेशी मोजतात. आता डीएनए तपासणीची सोय आहे, पण तिला खर्च येतो आणि वाळवून उकळलेल्या पानात डीएनए शाबूत राहीलच असे नाही. पेशींच्या भिंती टिकतात. काढा घेणाऱ्याच्या पोटात विषारी पान जाऊ नये, यासाठी दुकानदाराच्या शब्दाखेरीज आणखी एक साक्षीदार लागतो. ती साक्ष पान स्वतःच देते, मोजणारा तेवढा हवा.