साथीच्या कायद्यातला सारथी

साथ आली की आपण प्रवासी तपासतो. त्याला नेणारा मात्र वाहनाचाच भाग समजला जातो. मुंबईच्या प्लेगमुळे झालेल्या 1897 च्या साथरोग कायद्यात रेल्वेप्रवाशांची, जहाजांची तपासणी होती. खलाशी-गार्डांच्या बचावाचं अवाक्षर नव्हतं. 2020 च्या दुरुस्तीने त्यात बस आणि विमान आलं. नांदेडमधल्या विष्णुपुरीच्या सरकारी रुग्णालयासारख्या ठिकाणच्या डॉक्टर-नर्सना हल्ल्यांपासून संरक्षण मिळालं, ते रास्तच. पण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात अडकलेले हजारो यात्रेकरू बसने पंजाबात गेले आणि तिथे त्यांच्यातले शेकडो बाधित निघाले. त्यांच्यासोबत बंद बसमध्ये दोनेक दिवस चालकही होतेच.

विमानात हवा दर दोन-तीन मिनिटांनी बदलते, मग केबिन क्रूला कसली भीती, असं कुणी म्हणेल. हवेची गाळणी चांगली असते, खरं. पण खोकणारा प्रवासी आणि त्याच्याशी वाकून बोलणारा यांच्यामध्ये ती येत नाही. शिवाय क्रूला निदान गाऊन आणि फेसशील्ड मिळालं. एसटीच्या कंडक्टरने पाच रुपये सुटे मागायचे ते मास्क सावरतच. कायद्यात प्रत्येकाचं नाव कसं घालणार, हा आक्षेपही टिकत नाही: अधिसूचना काढून आणखी कुणाला संरक्षित ठरवण्याचा अधिकार त्याच दुरुस्तीने राज्याला दिला आहे. मात्र ते संरक्षण मारहाणीपासूनचं. संसर्गापासूनचं कलम अजून लिहायचंच आहे.