नॅनो-अनुस्पंदक

नॅनो-अनुस्पंदक अर्थात नॅनोरेझोनेटर हे ठरावीक वारंवारितेने कंप पावणारे अतिसूक्ष्म यांत्रिक साधन आहे. त्यातील कंपनशील भाग शंभरेक नॅनोमीटर जाडीची तार असू शकतो किंवा एकाच अणुथराचा ग्राफीनचा पडदा. भारतात मुंबईच्या कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटाने या विषयावर महत्त्वाचे संशोधन केले आहे. देशमुख यांना २०१५ साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

कार्यतत्त्व

धातूच्या आधारांवर ताणलेल्या पडद्याखाली गेट नावाचा विद्युतअग्र असतो. गेटला विद्युतदाब दिला की पडदा खाली ओढला जातो, त्यातील ताण वाढतो आणि वारंवारिता चढते. तबल्याची वादी आवळल्यावर स्वर चढावा तसेच हे आहे. वस्तुमान वाढल्यास उलट घडते. पखवाजाच्या धुम्यावर कणीक लावली की नाद खाली उतरतो. पडद्यावर सर्वत्र सारखी पसरलेली एक टक्का भर वारंवारिता सुमारे अर्ध्या टक्क्याने घटवते. एक चौरस मीटर ग्राफीनचे वस्तुमान जेमतेम ०.७७ मिलिग्रॅम असल्याने अत्यल्प भरही जाणवते.

दाब वाढवला की वारंवारिता नेहमी चढतेच असे नाही. पडदा किंवा तार गेटजवळ जाताना आकर्षण वाढते व ताणाचा काही परिणाम पुसला जातो. २०१० मध्ये मुंबईच्या गटाने इंडियम आर्सेनाइडच्या तारांमध्ये दाबानुसार वारंवारिता एकाच दिशेने न बदलता वळण घेते, हे दाखवून त्याची कारणमीमांसा केली. त्याच वर्षी ग्राफीनच्या अनुस्पंदकाची वारंवारिता मोजून ३०० ते ३० केल्व्हिन या संपूर्ण पल्ल्यात ग्राफीनचे औष्णिक प्रसरण ऋण असते, म्हणजे तापवल्यावर ते आकसते, असे या गटाला आढळले. २०१६ मध्ये ग्राफीनच्या पडद्याच्या दोन कंपनप्रकारांमधील प्रबळ युग्मन नियंत्रित करता येते, हेही दाखवण्यात आले.

रासायनिक संवेदन

२०१२ साली बार्सिलोना येथे कार्बन नॅनोनलिकेच्या अनुस्पंदकाने १.७ योक्टोग्रॅम, म्हणजे सुमारे एका प्रोटॉनच्या वस्तुमानाइतकी विभेदनक्षमता गाठली. तथापि वारंवारितेतील घट रेणूची ओळख पटवत नाही. तापमान वा विद्युतभार बदलला तरी ती हलते. शिवाय रेणू पडद्याच्या मध्यावर बसला की कडेशी, यावरही घट अवलंबून असते. म्हणून एकाहून अधिक कंपनप्रकार एकाच वेळी मोजून वस्तुमान व स्थान वेगळे काढतात. विशिष्ट रेणूच चिकटावा यासाठी पृष्ठभागावर ग्राही थर देता येतो, पण तो थर स्वतःच वस्तुमान वाढवतो. सर्वोत्तम मोजमापे निर्वातात व अतिशीत तापमानास होतात. हवेत मात्र कंपने लवकर विरतात आणि वारंवारितेतील बारीक बदल ओळखणे कठीण होते.