सोलापूरची लेक शशिकला



जुन्या हिंदी सिनेमातली खाष्ट, कपटी बाई म्हटलं की शशिकला डोळ्यांसमोर येतात. त्या आपल्या सोलापूरच्या. माहेरचं आडनाव जवळकर, जन्म ४ ऑगस्ट १९३२.

घर खाऊनपिऊन सुखी होतं. लहानगी शशिकला जिल्ह्यातल्या गावांमधून नाचायची, गायची, नाटकात कामं करायची. पण वडिलांनी विलायतेत शिकणाऱ्या धाकट्या भावासाठी पैसा घातला, पुढे धंदा बुडाला आणि बिऱ्हाड मुंबईला गेलं. आता लेकीच्या त्याच कलेवर घराची भिस्त होती. तिने लोकांच्या घरी कामं केली, स्टुडिओंचे उंबरे झिजवले.

दार उघडलं ते एका बाईने. नामवंत गायिका-अभिनेत्री नूरजहाँ यांची नजर तिच्यावर पडली. त्यांचे पती शौकत हुसेन रिझवी तेव्हा 'झीनत' हा सिनेमा काढत होते. १९४५ च्या या सिनेमातल्या बायकांच्या कव्वालीत शशिकलाला जागा मिळाली. कमाई २५ रुपये, वय जेमतेम बारा-तेरा.

दोन वर्षांनी फाळणी झाली आणि नूरजहाँ पाकिस्तानात गेल्या. डोक्यावरचा हात गेला. शशिकला मात्र मिळेल ती भूमिका करत राहिल्या. 'आरती' (१९६२) आणि 'गुमराह' (१९६३) या सिनेमांसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. पुढे मदर तेरेसांच्या संस्थेत त्यांनी सेवाही केली. २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

अशी कहाणी ऐकली की आपण पटकन म्हणतो, "गरिबीनेच घडवलं हो तिला!" आम्हाला हे पटत नाही. गरिबीने तिचं बाळपण खाल्लं. तिला घडवलं ते अंगातल्या कलेने, कष्टाने आणि एका बाईने दुसरीला दिलेल्या पहिल्या संधीने.

घरचा पैसा बुडाला की भार लेकीच्या खांद्यावर येतो, हे आजही आम्ही वस्तीवस्तीत पाहतो. म्हणून बचत गटात आम्ही सांगतो, पैसा कुठे चाललाय हे घरच्या बाईला माहीत हवं. अडचण आली तर गटाकडे कर्ज मागा, पण पोरीची शाळा सोडवून तिला कामाला लावू नका. आणि शेजारच्या पोरीत गुण दिसला, तर तिच्यासाठी पहिलं दार आपणच उघडूया.