द्रम्माची दमडी

खिशात दमडी नाही म्हणून कुरकुरणारा माणूस ग्रीक शब्द वापरतोय, हे त्याच्या गावीही नसतं. ग्रीक ‘द्राख्मा’ म्हणजे मुळात मूठभर. नाणी येण्याआधी ‘ओबोल’ नावाच्या लोखंडी सळया चलनासारख्या चालत. त्या मुठीत सहा मावत, म्हणून सहा ओबोलांचा एक द्राख्मा. यवन म्हणजे ग्रीक राजांच्या चांदीच्या नाण्यांबरोबर हा शब्द इकडे आला आणि संस्कृतात ‘द्रम्म’ होऊन बसला. भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या ‘लीलावती’त कोष्टकच आहे: वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. म्हणजे द्रम्माला 1280 कवड्या. सोळा आण्यांचा रुपया फार पुढचा; सोळाची खोड जुनीच.

हा द्रम्म कसा उतरला ते पाहायचं, तर नाणेसंग्राहकांकडे हमखास सापडणारं गधैया नाणं हातात घ्यावं. इराणच्या सासानी राजांच्या चांदीच्या द्रम्मावर एका अंगाला मुकुटधारी राजाचा चेहरा, दुसऱ्या अंगाला अग्निवेदी. पश्चिम भारतात त्याची नक्कल झाली, मग नकलेची नक्कल. होता होता राजाच्या नाकाची रेघ उरली, डोळ्याचं टिंब झालं, वेदीच्या जागी नुसत्या रेघा आणि ठिपके. नाणंही आकसून जाड झालं, चांदीत भेसळ वाढली. वरची बाजू कोणती, हे नवख्याला सांगावंच लागतं. (नावाचं गाढवाशी नातं जोडणाऱ्या कथा रंजक आहेत, पण त्यांवर व्युत्पत्ती उभी करू नये.)

शब्दाचंही तेच. द्रम्माचा ‘दाम’ झाला आणि चांदी सुटली: अकबराचा दाम तांब्याचा, रुपयाला चाळीस. त्या दामाचा अर्धा तो अधेला, पाव तो पावला आणि आठवा हिस्सा म्हणजे दमडी. अधेली-पावली मराठीत रुपयाच्या हिश्शांना चिकटून बढती मिळवून गेल्या. दमडी बिचारी होती तिथेच राहिली. तिच्या खाली फक्त कवडी.

‘दाम’ आता नाणं नाही, नुसता पैसा किंवा मोल. ‘दामदुपट’ या शब्दाची गंमत निराळी. थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलाहून जास्त वसूल करता येणार नाही, असा हा धर्मशास्त्रातला नियम. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही तो मानला. सावकाराचा हात तिथे अडायचा. आज ‘दामदुप्पट’ हाच शब्द ठेवी गोळा करणाऱ्यांच्या पत्रकांवर, ठळक अक्षरांत असतो.