रेहेकुरीची शिरगणती

शिकारीने विरळ झालेल्या काळविटांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अभय दिल्यानंतर, अहमदनगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, रेहेकुरीच्या माळावर, १९८० साली अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य स्थापन झाले. वैशाखी पौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्याकाठी बसून प्राण्यांची शिरगणती करण्याची वनखात्याची प्रथा मोलाची खरी. परंतु एखादे जनावर दोनदा येते, दुसरे येतच नाही, म्हणून ती अदमासच देते. पुढे, अधिक नेमक्या गणनेसाठी, याच जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या उसाच्या मुलखात, प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची ठेवण निराळी असते या आधारावर, वन्यजीव-संशोधक विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेऱ्यांनी त्यांची ओळख पटवून, १०० चौरस किलोमीटरांत सुमारे ५ प्रौढ बिबटे असल्याचे अनुमान २०१३ साली प्रसिद्ध केले. रेहेकुरीत मात्र गणनेची सार्थकता काळविटांच्या अधिवासाची धारणक्षमता जाणून गवताळ माळ राखण्यातच आहे.